चित्रातले नामदेव कसे ओळखावेत?

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० साली इथे झाला अशी परंपरा आहे. काही अभ्यासक त्यांचे जन्मस्थान पंढरपूर मानतात. जन्म कुठेही झालेला असो, त्यांचे चित्र आज ठिकठिकाणी भेटते: देव्हाऱ्यावरच्या चौकटीत, दिनदर्शिकेवर, दिंडीच्या फलकावर, शिंपी समाजातल्या लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात. चित्रकार निराळे, छापखाने निराळे, नाकडोळेही दर चित्रात थोडे निराळे. तरी पाहणारा अडखळत नाही. तो सरळ हात जोडतो.

यात एक कोडे आहे. नामदेवांना समोर बसवून काढलेले एकही चित्र उपलब्ध नाही. चेहरा उभट होता की गोल, वर्ण सावळा होता की गोरा, दाढी होती की नव्हती, हे चित्रकाराला कुठूनच कळण्यासारखे नाही. मग ज्याचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही तो माणूस चित्रात ओळखू येतो कसा? एक साधा प्रयोग करून पाहता येतो. चित्रातला चेहरा तळहाताने झाकावा. उरलेल्या भागावरून हा वारकरी संत आहे हे कळतेच. आता उलट करावे. चेहरा तेवढा उघडा ठेवून वीणा, माळ, टिळा आणि समोरचा विठोबा झाकावा. उरतो तो कोणत्याही गावचा कोणताही भला गृहस्थ.

म्हणजे संताच्या चित्रात ओळख पटवण्याचे काम चेहऱ्याकडे दिलेलेच नसते. ते भोवतालच्या वस्तूंकडे असते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या इटलीत, ज्या काळाला प्रबोधनकाळ म्हणतात त्या काळात, चित्रकारांपुढे हाच प्रश्न होता आणि त्यांनी काढलेला तोडगाही हाच होता. ख्रिस्ती संत होऊन शतके लोटली होती, चेहरे कुणाला माहीत नव्हते आणि देवळात येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. दोन्हीकडची चित्रे शेजारी ठेवली की संताचे चित्र नेमके कसे चालते ते उलगडते.

कथा आधी, चित्र मागाहून

संताच्या चित्राची सुरुवात कुंचल्याने होत नाही, कथेने होते. इटलीत याकोबुस दे वोराजिने या डोमिनिकन पंथाच्या धर्मगुरूने १२६० च्या दशकात संतचरित्रांचा एक मोठा संग्रह तयार केला. ‘लेजेंडा ऑरेआ’ हे त्याचे नाव. नामदेवांच्या जन्माच्या जरासा आधीचा हा काळ. पुढची तीनेकशे वर्षे युरोपातल्या चित्रकारांनी संतांच्या कथा घेतल्या त्या मुख्यतः या ग्रंथातून. मराठीत तेच काम महिपतींनी केले. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ लिहिला आणि संतांच्या तोंडोतोंडी फिरणाऱ्या कथा एका ठिकाणी, एका क्रमाने, सांगता येतील अशा रूपात आल्या. गावोगावी देवळांत पोथी लागली. पोथी ऐकणाऱ्याच्या मनात प्रत्येक संताचा एक प्रसंग घट्ट बसला.

प्रसंग बसला की त्यातली एक वस्तू वर येते. अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनची कथा घ्या. बादशहाने तिला खिळे ठोकलेल्या चाकावर छळून मारण्याचा हुकूम दिला, पण चाकच मोडून पडले; शेवटी तिचा शिरच्छेद झाला. सगळी कथा चित्रात मावत नाही. चाक मावते. राफाएलने १५०७ च्या सुमारास काढलेली कॅथरीन लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात छळ नाही, बादशहा नाही, तलवार नाही. एक तरुण स्त्री मोकळ्या माळावर उभी आहे, नजर आभाळाकडे, आणि तिचा डावा हात सहज एका लाकडी चाकावर टेकलेला आहे. ज्याला कथा माहीत आहे त्याला एवढे पुरते. ज्याला माहीत नाही त्याला ती बैलगाडीपाशी थांबलेली शेतकरीण वाटली तर त्याचा दोष नाही.

हे चाक पुढे कोकणच्या किनाऱ्यालाही लागले. अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला तो दिवस कॅथरीनच्या सणाचा होता. म्हणून जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल तिच्या नावाने बांधले गेले, त्याच्या मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरले गेले आणि पोर्तुगीज अमलाच्या अधिकृत मुद्राचिन्हातही चाक आले. तिथे तर कॅथरीनही उरली नाही, नुसते चाक राहिले आणि तेवढ्याने काम भागले.

या युक्तीचे बळ भारतीय मतदाराला वेगळे सांगायला नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून पक्षापक्षाला चिन्हे दिली गेली. उमेदवाराचे तोंड न पाहिलेला माणूसही चिन्ह पाहून नेमके मत टाकू शकला. संताच्या हातातली वस्तू अशीच चालते. तिच्यावर दोनच अटी असतात: ती दुरून दिसली पाहिजे आणि दुसऱ्या कुणाची असता कामा नये.

मराठी संतमंडळात या दोन्ही अटी उत्तम पाळणारे संत म्हणजे आपापला व्यवसाय घेऊन चित्रात आलेले. तेरचे गोरोबा चिखल तुडवताना दिसतात, जवळ तान्हे मूल असते. अरणचे सावता माळी मळ्यात असतात. जनाबाई जात्याशी बसलेली असते आणि खुंट्याला तिच्याबरोबर विठोबाचाही हात असतो. नरहरी सोनाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, कारण शिवाचा हा भक्त विठोबाच्या कमरेचे माप घ्यायला गेला तो डोळे बांधूनच. या चौघांची चित्रे चुकणे अवघड. ख्रिस्ती चित्रांतही हेच आढळते. पीटरच्या हातात किल्ल्या, लुसीच्या हातातल्या तबकात दोन डोळे, सेबॅस्टियनच्या अंगात रुतलेले बाण, जेरोमच्या पायाशी सिंह.

वीणा, माळ, टिळा आणि भाकरी

नामदेव जातीने शिंपी होते, पण मराठी चित्रांत त्यांच्या हाती सुई-दोरा किंवा कात्री सहसा नसते. गोरोबांना चिखल मिळाला, सावत्यांना मळा मिळाला. नामदेवांचा धंदा मात्र चित्राबाहेर राहिला. कारण त्यांच्या कथेत धंद्याहून मोठी गोष्ट आहे ती कीर्तन. वारकरी त्यांना कीर्तनपरंपरेचे आद्य पुरुष मानतात, म्हणून त्यांच्या हातात वीणा येते.

ही वीणा मैफलीतली नव्हे. वारकऱ्यांची वीणा खांद्याला लावून उभ्याने धरायची, तुंबा खाली, दांडी तिरपी वर. तिच्यावर राग वाजवायचा नसतो, सूर धरून ठेवायचा असतो. नामसप्ताहात ती जमिनीवर टेकत नाही. एका वीणेकऱ्याकडून दुसऱ्याकडे पहाऱ्यापहाऱ्याने ती सोपवली जाते, आणि ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या पाया पडायचे, मग तो वयाने धाकटा असला तरी. चित्रातली वीणा म्हणजे गाणाऱ्या माणसाची खूण आहेच, पण सप्ताह पाहिलेल्याला तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते: इथे उभा असलेला माणूस या क्षणी सगळ्यांच्या नमस्काराचा धनी आहे.

गळ्यातली तुळशीची माळ वारकरी होण्याची खूण. कपाळावर गोपीचंदनाचा उभा टिळा आणि त्यावर काळा बुक्का. अंगावर पांढरे धोतर, उपरणे किंवा अंगरखा, डोक्याला पागोटे, पाय अनवाणी. यांतले काहीही एकट्या नामदेवांचे नाही. हे सगळे मिळून ‘वारकरी संत’ एवढेच सांगतात. नेमके नामदेव म्हणायला आणखी काही हवे असते आणि इथे चित्रकारांपुढे खरी अडचण येते, कारण वीणा-चिपळ्या घेतलेले तुकोबाही जवळजवळ असेच दिसतात.

ही अडचण बहुतेक वेळा प्रसंगाने सोडवली जाते. एक प्रसंग लहानपणाचा: वडील दामाशेटी गावाला गेलेले, नैवेद्य घेऊन छोटा नामदेव देवळात आलेला, देव जेवत नाही म्हणून रडकुंडीला आलेला, आणि अखेर विठोबा विटेवरून वाकून त्याच्या हातचे खातो. दुसरा प्रसंग कुत्र्याचा: कुत्रे कोरडी भाकरी घेऊन पळते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, की बाबा रे, कोरडी कशाला खातोस. वाटी घेऊन धावणारा पागोटेवाला माणूस आणि पुढे कुत्रे, एवढे असले की खाली नाव छापायची गरज राहत नाही. नुसत्या उभ्या चित्राखाली मात्र नाव लागतेच. खुणांची भाषा जिथे अपुरी पडते तिथे अक्षराला बोलवावे लागते, आणि नामदेवांच्या बाबतीत ते बऱ्याचदा बोलवावे लागते.

तरीही तुकोबांशी असलेले हे साम्य सगळेच काही चित्रकारांच्या आळसातून आलेले नाही. परंपरा सांगते की नामदेव विठोबासह तुकारामांच्या स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांच्या संकल्पातले उरलेले अभंग पुरे करायला त्यांनी तुकारामांना सांगितले. ज्या दोघांचे काम एकच मानले गेले त्यांच्या हातात एकच वाद्य आले, यात विसंगत काही नाही.

चौकट: चित्र पाहताना

वारकरी संताच्या चित्रात आधी हात पाहावेत. पोथी असेल तर ज्ञानेश्वर किंवा एकनाथ. वीणा असेल तर नामदेव किंवा तुकाराम. मग पायांकडे यावे: पद्मासन घातलेले आणि कोवळ्या वयाचे असतील तर ज्ञानेश्वर. त्यानंतर पार्श्वभूमी: नदीत तरंगणाऱ्या वह्या किंवा आकाशात विमान दिसले तर तुकाराम, विटेवरून वाकलेला विठोबा, नैवेद्याचे ताट किंवा भाकरी पळवणारे कुत्रे दिसले तर नामदेव. हातात कुबडी, कमरेला लंगोटी आणि वाढलेल्या जटा दिसल्या तर ते समर्थ रामदास, वारकरी नव्हेत. चेहरा सर्वांत शेवटी.

देवांचा हिशेब अधिक कडक

संतांच्या खुणा सैल असतात. देवांच्या तशा नसतात. मूर्तिशास्त्रात विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म या चार वस्तू ठरलेल्या आहेत. चार वस्तू चार हातांत एकूण चोवीस प्रकारे धरता येतात आणि प्रत्येक प्रकाराला एक नाव दिलेले आहे. उजव्या बाजूच्या खालच्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असतील तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असतील तर नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म असतील तर माधव. संध्येत म्हटली जाणारी चोवीस नावे ती हीच. मूर्तीचा चेहरा चोवीसही वेळा तोच, मुकुट तोच, उभे राहणे तेच. फक्त वस्तूंची अदलाबदल झाली की नाव बदलते. ओळख वस्तूवर सोपवण्याची ही पद्धत याहून काटेकोर क्वचितच कुठे झाली असेल.

विठोबा या चोविसांत बसत नाही. त्याला हात दोनच आणि तेही कमरेवर. पण कमरेवरच्या त्या हातांतही एकात शंख आणि दुसऱ्यात कमळाचा देठ आहे. नीट पाहिले तरच दिसतो. भक्तांनी मात्र ओळख ठरवली ती उभे राहण्याच्या ढबीवरून आणि पायांखालच्या विटेवरून. शास्त्राने दिलेली खूण एक आणि लोकांनी धरलेली खूण दुसरी असे होऊ शकते. नामदेवांच्या चित्रांतला विठोबा नेहमी लोकांच्या खुणांचा असतो.

चेहरा मोकळा सुटतो तेव्हा

ओळखीचे ओझे वस्तूंनी उचलले की चेहरा मोकळा होतो. तिथे चित्रकार हवा तो चेहरा बसवू शकतो, जिवंत माणसाचासुद्धा. प्रबोधनकाळातल्या धार्मिक व्यक्तिचित्रांतली सर्वांत मजेदार गोष्ट इथून निघते.

व्हेनिसचा जोव्हान्नी बेलिनी पंचाऐंशीच्या आसपासच्या वयात, मृत्यूच्या एक वर्ष आधी, १५१५ मध्ये एका वृद्ध धर्मगुरूचे चित्र काढतो. फ्रा तेओदोरो हे त्यांचे नाव, मूळचे उर्बिनोचे, व्हेनिसमधल्या डोमिनिकन मठात राहणारे. चेहरा अगदी खरा आहे: ओघळलेले गाल, थकलेले पण सावध डोळे, म्हातारपणाची कातडी. देवदूतासारखे त्यात काही नाही. अंगावर पांढरा झगा आणि काळे पांघरूण, म्हणजे पंथाचा रोजचा वेश. पण त्यांच्या हातात लिलीच्या फुलांची काडी आणि पुस्तक आहे. लिली आणि पुस्तक ही संत डोमिनिक यांची खूण. डोमिनिक तर १२२१ मध्येच वारलेले. एका दमात हे चित्र दोन माणसांचे आहे. चेहरा तेओदोरोंचा, वस्तू डोमिनिक यांच्या. बेलिनीने तेओदोरोंचे नाव चित्रावर लिहून ठेवले आहे, म्हणून आज हे सांगता येते. तसे ते लिहिले नसते तर पुढच्या पिढ्यांनी हा चेहरा डोमिनिक यांचाच धरला असता.

महाराष्ट्रात नेमके तेच घडले, आणि तेही विसाव्या शतकात. प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, दोघेही मूळचे चित्रकलेतले. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. वीणा, चिपळ्या, टिळा, पागोटे हे सगळे परंपरेचे होते. चेहरा पागनीसांचा होता. दुसऱ्याच वर्षी हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरवला गेला, बेलिनीच्याच गावात, हा निव्वळ योगायोग. खरा परिणाम घरोघरी झाला. दिनदर्शिका आणि तसबिरी काढणाऱ्यांनी तो चेहरा उचलला आणि बघता बघता पागनीस तुकोबा झाले. बेलिनीसारखी चिठ्ठी इथे कुणी चिकटवली नव्हती. तसबिरीपुढे उदबत्ती लावणाऱ्याला आपण एका नटाचे तोंड पाहतो आहोत याचा पत्ता नसतो आणि खरे तर त्याने काही बिघडतही नाही. नमस्कार पोचायचा तिथे पोचतो, कारण तो चेहऱ्याच्या पत्त्यावर पाठवलेलाच नसतो. प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटात ज्ञानेश्वर झाले ते अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले शाहू मोडक.

नामदेवांच्या वाट्याला असा एक कायमचा चेहरा आला नाही. त्यांची चित्रे म्हणून आजही चेहऱ्याच्या बाबतीत सर्वांत मोकळी आहेत.

युरोपचा उजेड पंढरपुरात कसा आला

आजच्या कोणत्याही छापील तसबिरीत नामदेवांच्या एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली असते. चेहरा थोडा वळलेला असतो, म्हणजे पूर्ण समोरून नाही आणि पूर्ण बाजूनेही नाही. मागे देवळाचे खांब लहान लहान होत जातात. यांतले काहीही जुन्या मराठी पोथीचित्रांत नाही. तिथे माणूस बहुधा बाजूने, एकच डोळा मोठा करून दाखवलेला असतो, रंग सपाट असतात आणि मोठा माणूस म्हणजे महत्त्वाचा माणूस. पाऊण वळलेला चेहरा, एकाच दिशेचा उजेड आणि दूरचे लहान दाखवण्याचे गणित ही तिन्ही प्रबोधनकाळाची देणगी आहे. हे गणित लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ मध्ये ग्रंथात मांडले.

भारतात या पद्धतीची पहिली मोठी फेरी गोव्याहून निघाली. १५८० मध्ये गोव्याचे जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी नेलेल्या भेटींत अँटवर्पला छापलेले, कोरीव चित्रांचे बायबल होते. दरबारी चित्रकारांनी ती चित्रे हौसेने उतरवली. पण सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत ही शैली यायला आणखी तीनशे वर्षे लागली. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले, पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, आणि १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला.

शिळाछपाईचे तंत्र तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची, मग तिच्यावर तेलाची शाई फिरवायची. ओल्या दगडाला शाई लागत नाही, खडूच्या रेघेला लागते. कागद दाबला की चित्र उठते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि एकच कागद सगळ्या शिळांवरून केसभरही न हलता जावा लागतो. एकदा शिळा तयार झाल्या की हजारो प्रती निघतात. त्यामुळे स्वस्ताई आली, शिवाय एकेका छापील रूपाला असे वजन आले की पुढचे चित्रकार संताची कल्पना नव्याने करण्यापेक्षा आधीच्या छापाकडे पाहूनच काढू लागले.

युरोपच्या पद्धतीतून एक गोष्ट मात्र इथल्या चित्रकारांनी घेतली नाही. राफाएलची कॅथरीन आभाळाकडे पाहते, प्रेक्षकाकडे नाही. मराठी तसबिरीतला देव किंवा संत बहुधा समोर पाहतो, कारण तसबीर टांगायची ती दर्शनासाठी आणि दर्शनात दोन्हीकडून नजर लागते. चेहरा थोडा वळवला तरी डोळे पुन्हा समोर आणले जातात. चित्रकलेच्या दृष्टीने हे जरा अवघडलेले दिसते. भक्ताच्या दृष्टीने ते अटळ आहे.

डोक्यामागचे तेजोवलय दोन्हीकडे सापडते, पण ते युरोपकडून घेतलेले नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या बुद्धाच्या मस्तकामागे ते आहे. इटलीत आधी ते सोन्याच्या थाळीसारखे भक्कम होते. चेहरे खरेखुरे दिसू लागले तशी ती थाळी विचित्र दिसू लागली, मग तिची बारीक कडी झाली, आणि काहींनी ती काढूनच टाकली. मराठी छापील चित्रांत ती थाळी झाली नाही आणि कडीही नाही. तिथे ती पिवळसर उजेडाची झळाळी झाली.

रंगांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा लागतो. इटलीत मारियेचा निळा शेला म्हणजे श्रीमंतीचा नवस: तो निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दापासून बनायचा, आणि चित्राच्या करारातच त्याचा भाव लिहिला जायचा. फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायो या चित्रकाराशी १४८५ मध्ये झालेल्या करारात औंसाला सुमारे चार फ्लोरिन भावाचा निळा वापरावा असे बजावलेले आहे. नामदेवांचा पांढरा वेश उलट मुद्दाम स्वस्त आहे. तो गृहस्थ वारकऱ्याचा वेश आहे, संन्याशाची भगवी छाटी नव्हे. भगवा असतो तो पताकेत.

वेशाच्या बाबतीत दोन्हीकडचे चित्रकार इतिहासाला सारखेच बगल देतात. जेरोम पाचव्या शतकात वारला, पण चित्रांत त्याच्याजवळ कार्डिनलची लाल टोपी असते. ती पद्धत त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी आली. नामदेवांचे पागोटेही असेच मागाहूनचे. चौदाव्या शतकापेक्षा ते चित्रकाराने आपल्या आजूबाजूला पाहिलेल्या माणसांचे अधिक आहे. इतिहासाच्या पुस्तकात ही चूक ठरेल. तसबिरीत पागोट्याचे काम एवढेच की हा माणूस आपल्यातला आहे असे वाटावे.

औंढ्याचे चित्र: पाय आणि पिंडी

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ आहे आणि नामदेवांच्या चित्रकथेतला एक महत्त्वाचा प्रसंग तिथला आहे. कुंभार असलेल्या गोरोबांनी मडकी पारखावीत तशी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पारख केली तेव्हा नामदेवांचे मडके कच्चे ठरले, कारण त्यांना गुरू नव्हता. ते विसोबा खेचरांकडे आले तर हे वृद्ध गृहस्थ देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे पिंडी नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिथे नेले तिथे पिंडी उगवली.

हे चित्र काढताना चित्रकाराला एक अवघड काम असते. एकाच चौकटीत आधीची चूक आणि नंतरचे उमगणे दोन्ही दाखवायची असतात. म्हणून निजलेल्या विसोबांच्या पायांखाली एक पिंडी येते, जवळपास आणखी एकदोन पिंड्या येतात आणि पाय उचलणाऱ्या नामदेवांच्या चेहऱ्यावर राग नसून अचंबा असतो. वीणेची इथे गरज नसते, तिला जागाही नसते. देवळात पिंडीवर पाय ठेवलेला म्हातारा दुसऱ्या कुठल्याच संतकथेत नाही, म्हणून त्याच्याशेजारचा माणूस आपोआप नामदेव ठरतो. अशा चित्रात संताची खूण दुसऱ्या माणसाच्या अंगावर असते.

औंढ्याला दुसरी कथा तर दगडात दाखवली जाते. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे जायला सांगितले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. तिथला नंदी देवळाच्या पुढे नसून मागे आहे, तो या फिरण्याचा पुरावा म्हणून भाविकांना दाखवतात. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, दाट शिल्पांनी भरलेला आहे आणि वरचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातला. छापील चित्रांत या प्रसंगासाठी तो पांढरा कळस असलेला वरचा भागही हमखास येतो. नामदेवांच्या वेळी तो नव्हताच, पण देऊळ औंढ्याचे आहे हे पाहणाऱ्याला त्यावरूनच कळते.

पंजाबातले नामदेव

नामदेव उत्तरायुष्यात पंजाबात गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे राहिले अशी परंपरा आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. तिथल्या चित्रांतले भगत नामदेव पाहून नर्सीचा माणूस क्षणभर बुचकळ्यात पडेल. पागोट्याची घडण पंजाबी, दाढी लांब आणि पांढरीशुभ्र, वय झालेले. काही चित्रांत ते कापडावर ठसे उठवताना दाखवलेले असतात. महाराष्ट्रात चित्राबाहेर राहिलेला कापडाचा धंदा तिथे चित्रात आला, कारण ग्रंथसाहिबातल्या कबीरांच्या एका संवादात संत त्रिलोचन नामदेवांना या ठशांच्या कामावरूनच हटकतात आणि नामदेव उत्तर देतात की हात कामात असोत, चित्त रामापाशी असावे. शिवाय कापडछपाई करणारा पंजाबातला छिंबा समाज नामदेवांना आपले मानतो.

वयातला फरकही असाच कथेतून आलेला आहे. मराठी कथांत नामदेव नैवेद्य घेऊन आलेले पोर असतात किंवा ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा करणारे तरुण. म्हणून इथल्या चित्रांत त्यांचे केस काळे आणि मिशी कोवळी. पंजाबने त्यांना पाहिले, असे परंपरा सांगते, ते उतरत्या वयात. महाराष्ट्रातल्या चित्रात नसलेली पांढरी दाढी तिथल्या चित्रात आहे ती त्यामुळे.